संख्या निम्मी, आवाज शून्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय : "लॅटिनो लोकांचा प्रभाव वाढला तो निव्वळ लोकसंख्येमुळे. त्यात बायकांचं कर्तृत्व तुम्ही ओढूनताणून आणलंय. आणि २०२४ मध्ये हेच लोक ट्रम्पकडे वळले, मग कसला प्रभाव?" प्रश्न रोखठोक आहेत. उत्तरासाठी मी एकच शहर घेते, टेक्सासमधलं सॅन अँटोनियो.

१९७०च्या सुमारास या शहरात जवळपास निम्मी वस्ती मेक्सिकन वंशाची होती. तुमच्या हिशेबाने निम्मी सत्ता आपसूक यायला हवी. पण नगर परिषदेच्या प्रत्येक जागेसाठी अख्खं शहर मत द्यायचं, वॉर्ड नव्हतेच. त्यामुळे 'गुड गव्हर्नमेंट लीग' नावाचा व्यापारी-उद्योजकांचा गट आपलं पॅनेल वर्षानुवर्षं निवडून आणत असे. पश्चिमेकडच्या मेक्सिकन वस्त्यांत जोराचा पाऊस झाला की घरात पाणी शिरायचं, आणि गटारांच्या योजना कागदावरच पडून राहायच्या. माणसं होती, त्यांच्या मताला किंमत नव्हती.

ही परिस्थिती बदलली कशी, ते बघायला १९३८ पर्यंत मागे जावं लागतं. त्या जानेवारीत पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा) सोलणाऱ्या सुमारे १२,००० कामगारांनी संप पुकारला. त्यात बहुसंख्य बायका होत्या. कोंदट शेड, हवेत सालींची धूळ, क्षयाची साथ, आणि आधीच तुटपुंज्या मजुरीत पुन्हा कपात. त्यांनी पुढारी म्हणून निवडलं एमा तेनायुकाला. ती तेव्हा २१ वर्षांची होती. ती कम्युनिस्ट असल्यामुळे युनियनच्या वरिष्ठांनी तिला अधिकृत नेतृत्वावरून बाजूला केलं, पण बायका तिचंच ऐकत राहिल्या. अश्रुधूर झाला, शेकडो जणांना अटक झाली. अखेर लवाद नेमला गेला आणि मजुरी थोडी वाढली. पुढे किमान वेतनाचा कायदा आल्यावर मालकांनी यंत्रं आणली आणि हजारोंचं काम गेलं, हेही खरं. एमालाही शहर सोडावं लागलं. तरीही आपण एकत्र आलो तर महापालिकेला आणि पोलिसांना आपली दखल घ्यावी लागते, हे पश्चिम भागाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९७४ मध्ये याच भागात 'कॉप्स' ही संघटना उभी राहिली. नागरी सोयींसाठी भांडणारी, चर्चच्या पॅरिशमधून, म्हणजे वस्तीनिहाय शाखांमधून बांधलेली. तिच्या कामाचा मोठा भार शाळेच्या पालकसभा आणि चर्चच्या जत्रा चालवणाऱ्या गृहिणींनी उचलला. बिअॅट्रिस गायेगो त्यांतल्याच, पुढे त्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. यांची एक युक्ती मला फार आवडते. १९७५ मध्ये शहरातले बडे व्यापारी दाद देईनात, तेव्हा हे लोक मोठ्या संख्येने जॉस्के या उंची दुकानात गेले आणि दिवसभर कपडे अंगाला लावून बघत राहिले. खरेदी काहीच नाही. फ्रॉस्ट बँकेत रांगा लावून नोटांची चिल्लर आणि चिल्लरीच्या पुन्हा नोटा करून घेतल्या. कायदा कुठेच मोडला नाही, व्यवहार मात्र ठप्प. शहराचं अंदाजपत्रक या बायका ओळ न् ओळ वाचून सभेला जायच्या, आणि अधिकाऱ्यांना आकड्यांत पकडायच्या. जी कामं वर्षानुवर्षं रखडली होती, त्यांच्यासाठी रोखे काढून पैसे उभे करावे लागले. याला कर्तृत्व म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

दुसरी बाजू न्यायालयाची आणि वॉशिंग्टनची. विल्मा मार्टिनेझ याच सॅन अँटोनियोची मुलगी. 'माल्डेफ' या मेक्सिकन-अमेरिकनांच्या कायदेशीर लढ्याच्या संस्थेची सूत्रं १९७३ मध्ये तिच्याकडे आली. मतदानातला वांशिक भेदभाव रोखणाऱ्या मतदान हक्क कायद्याचं संरक्षण भाषिक अल्पसंख्याकांनाही मिळावं यासाठी तिने काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे बाजू मांडली आणि १९७५ मध्ये तशी दुरुस्ती झाली. टेक्सास त्या कायद्याच्या कक्षेत आलं, म्हणजे मतदानावर परिणाम करणाऱ्या बदलांना आता केंद्राची मंजुरी लागणार होती. लगेच, १९७६ मध्ये, सॅन अँटोनियोने नवे, मुख्यतः गोऱ्या वस्तीचे भाग हद्दीत घेतले होते त्यावर केंद्राच्या न्याय खात्याने हरकत घेतली. १९७७ मध्ये शहराला वॉर्डनिहाय निवडणूक स्वीकारावी लागली, आणि १९८१ मध्ये मेक्सिकन वंशाचे हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. १९७० ते १९७७ या काळात लोकसंख्येत असा कोणता चमत्कार घडला होता? नियम बदलले होते. आणि ते बदलायला भाग पाडणाऱ्यांत या बायका अगदी पुढे होत्या.

२०२४ बद्दल. टेक्सासच्या सीमेवरचा, जवळजवळ संपूर्ण लॅटिनो असलेला स्टार काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) त्या वर्षी रिपब्लिकनांकडे गेला, एका शतकाहून अधिक काळानंतर पहिल्यांदा. मला तो निकाल खुपला. पण एखाद्या समाजाचा प्रभाव तो कुणाला मत देतो यावरून का ठरवायचा? काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली लॅटिना, इलियाना रोस-लेह्तिनेन, १९८९ मध्ये आली ती रिपब्लिकन म्हणूनच. आज दोन्ही पक्षांना महागाई, रोजगार, सीमा या विषयांवर या मतदारांची मनधरणी करावी लागते. त्यांना गृहीत धरता येत नाही, हीच त्यांची ताकद.

शेवटी तुम्ही विचारलंय की शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसाला याचं काय. १९७५ ची ती दुरुस्ती केवळ स्पॅनिशपुरती नव्हती, आशियाई भाषाही तिच्यात आल्या. तुमचं शिकागो ज्यात येतं त्या कुक काउंटीत मतपत्रिका हिंदीत मिळते, ती त्याच कायद्याच्या आधाराने.