बागेखाली टाकी झाली, वरचं काय?

मुंबईत दादर-परळच्या सखल हिंदमाता भागात तुंबणारं पाणी पंपाने ओढून दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखालच्या आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत सोडायचं, हे काम मुंबई महापालिकेने हाती घेतल्यापासून आमच्या दादरच्या घरात एक वाद सुरू आहे: बाग कुणाची, पोरांची की पाण्याची? मी डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला असते, त्यामुळे "तुमच्याकडे बघ कसं करतात" हे वाक्य फोनवर ठरलेलं.

इथे 2 जुलै 2011 रोजी काही भागांत दोन-तीन तासांत सुमारे 150 मिमी पाऊस पडला आणि तळघरं बुडाली. पुढच्याच वर्षी ढगफुटीचं पाणी हाताळायचा शहराचा आराखडा आला: वीस वर्षांत सुमारे 300 कामं. शहराच्या वेस्टरब्रो भागातलं एंगहेवपार्कन हे 1920च्या दशकातलं उद्यान त्याच आराखड्यात बदललं. आज त्यात सुमारे 22,600 घनमीटर, म्हणजे सव्वादोन कोटी लिटर पाणी मावतं. खेळाचं मैदान खोलगट केलंय. एरवी पोरं तिथे हॉकी खेळतात, मोठा पाऊस झाला की तेच तळं होतं. कडेच्या बुटक्या भिंतीवर लोक डबा खात बसतात. पाणी चढलं की तीच भिंत बांध. आजूबाजूच्या छपरांवरचं पाणी जमिनीखाली साठवून झाडांना घालतात.

पण हेच मैदान उचलून दादरला ठेवा, असं मी कधीच म्हणणार नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला होता. इथलं मैदान वर्षातले जवळजवळ सगळे दिवस कोरडं असतं. आपल्याकडे ते चार महिने चिखलात जाईल. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात उतरत नाही, आणि साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यू. मुंबईत टाकी जमिनीखालीच बरी.

घ्यायचं ते वेगळंच आहे. इथे पाणी आणि खेळ एकाच नकाशावर, एकाच वेळी आखले गेले, आणि पाण्याच्या कामाचा खर्च बराचसा पाणीपट्टीतून आला. आपल्याकडे आधी खणतात, मग वर काय करायचं ते बघतात. आणि मग कितीतरी बागांत पेव्हर ब्लॉक, कारंजं, ओपन जिम. फरशी पाणी मुरू देत नाही आणि एप्रिलमध्ये तापते. आईला सावलीतला बाक हवाय, भाच्याला मातीची पट्टी. दोन्ही मागण्या पाणी मुरवणाऱ्या आहेत. मग भांडण कसलं?

उन्हाचं तर कुणी बोलतच नाही. दुपारी बागेला कुलूप लावायची आपली जुनी पद्धत आहे, आणि नेमकं तेव्हाच पार्सल पोचवणाऱ्या पोराला, भाजीवालीला झाडाखाली टेकायचं असतं. वॉर्डात बागेचा आराखडा आला की माझ्या माणसांनी तीन गोष्टी विचाराव्यात: माती किती राहणार, टाकीतला गाळ मेअखेर कोण काढणार, आणि दुपारी फाटक उघडं राहणार का.