बघून चालायला काय होतं?

सकाळी ग्रुपवर अपघाताचा व्हिडिओ आला. खाली पहिलीच कमेंट, "बघून चालायला काय होतं?" फोन बाजूला ठेवला, पण राग जाईना. म्हणून लिहितेय.

हेच वाक्य बाबांच्या खाटेशी उभं राहून नातेवाईक बोलले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं त्यांचं. बसस्टॉप या बाजूला, घर त्या बाजूला आणि झेब्रा क्रॉसिंग पार पुढच्या चौकात. बाहत्तर वर्षांचा माणूस दुखरे गुडघे घेऊन तिथवर जाऊन परत येणार? दुभाजकातल्या फटीतूनच जाणार ना! त्या फटीची कड पायांनी झिजून गुळगुळीत झाली होती. लोक कुठून ओलांडतात हे रस्ता आखणाऱ्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

हो, गाडी येत होती त्या बाजूला बाबांनी बघितलं नाही. मान्य. पुढे?

माणूस चुकणारच. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हे धोरण म्हणूनच स्वीकारलं, की चुका होणार हे धरून चाला आणि त्या चुकीपायी जीव जाणार नाही असा रस्ता बांधा. अमेरिकेतल्या विल्यम हॅडन या डॉक्टरने तर त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं: धडकेच्या आधी, धडकेत आणि धडकेनंतर, तिन्ही वेळा माणूस, गाडी आणि परिसर तपासा.

मी बाबांचा अपघात तसा मांडून बघितला. आधी: स्टॉपसमोर क्रॉसिंग नाही, खांबावरचा दिवा बंद. धडकेत: गाडी साठच्या आसपास. तीसने असती तर धडकेची ऊर्जा एक चतुर्थांश झाली असती, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. नंतर: मोडका पाय दुमडून कुणीतरी त्यांना मागच्या सीटवर कोंबलं. भल्या मनाने केलं, पण हाड आणखी सरकलं. एवढ्या सगळ्यात आपल्याला दिसलं काय, तर म्हाताऱ्याने बघितलं नाही!

दारू पिऊन चालवणाऱ्याला आत टाकाच, त्यावर वाद नाही. पण बाबांना धडकलेला पोरगा प्यायलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आला, दारातच उभा राहून रडला. बाबाच त्याला म्हणाले, "अरे, माझंच लक्ष नव्हतं."

आजही तेच म्हणतात. मी वाद घालत नाही आता.

परवा त्या रस्त्याने गेले. फट जाळी ठोकून बंद केलीय. क्रॉसिंग अजून पुढच्या चौकातच. जाळीचा खालचा कोपरा कुणीतरी वाकवलाय, वाकून एक माणूस जाईल एवढा.