स्वागताचा एसएमएस मात्र वेळेवर येतो

मोबाइलचं बिल उघडलं तेव्हा आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी आपल्याला आलंय. नाव माझंच होतं. नंबरही माझाच. दहा दिवसांच्या परदेश प्रवासातले नऊ दिवस अगदी गुण्यागोविंदाने रोमिंगच्या, म्हणजे परदेशात फोन वापरायच्या, पॅकमध्ये बसले होते. उरलेल्या एका रात्रीची रक्कम आम्हा दोघांच्या जहाजाच्या तिकिटांपेक्षा जास्त होती.

ती रात्र आम्ही समुद्रावर होतो. संध्याकाळी एका देशातून निघायचं, सकाळी दुसऱ्या देशात उतरायचं. रोमिंगचा पॅक आधीच घेतला होता. दोन्ही देश यादीत आहेत ना, हे मी एकदा नाही, दोनदा वाचलं होतं. फोन उशाशी ठेवून झोपले.

"रात्रभर काय बघत बसली होतीस?" नवऱ्याचा पहिला प्रश्न.

अरे, मी घोरत होते. तूच तक्रार केली होतीस सकाळी.

कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलाचा आवाज शांत, बोलणं नम्र. "मॅडम, तुमच्या नंबरवरून डेटा वापरला गेला आहे." कोणी वापरला? "वापरला गेला आहे, मॅडम." शाळेत कर्मणी प्रयोग शिकले तेव्हा तो नेमका कशासाठी असतो ते कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं.

मग जरा खोदकाम केलं. झालं ते असं. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की जमिनीवरच्या टॉवरची रेंज संपते. पुष्कळ जहाजांवर त्यांचं स्वतःचं छोटं मोबाइल नेटवर्क असतं आणि ते उपग्रहाला जोडलेलं असतं. फोन सारखा रेंज शोधत असतो, मिळेल त्या नेटवर्कला चिकटतो. ते कुणाचं, महाग की स्वस्त, हे त्याला कळत नाही. प्रत्येक देशातल्या मोबाइल नेटवर्कना त्या देशाचा तीन आकडी कोड असतो. जहाजांतल्या आणि विमानांतल्या अशा नेटवर्कसाठी ९०१ हा कोड आहे, जो कुठल्याच देशाचा नाही. म्हणजे माझ्या पॅकमध्ये दोन्ही देश होते हे खरंच. मीच त्या रात्री कुठल्या देशात नव्हते.

आणि फोन काय करत होता? दिवसभरात काढलेले फोटो, व्हिडिओ इमानेइतबारे क्लाउडवर चढवत होता. चार ॲप अपडेट करत होता. घरी वायफायवर रोज रात्री जे करतो तेच.

इथपर्यंत वाचून बरेच जण म्हणतील, डेटा रोमिंग बंद करून झोपायचं ना. बरोबर आहे. एअरप्लेन मोडवर टाकायला हवा होता, तेही बरोबर. माझी चूक मी कबूल करते. पण या प्रकाराला "ग्राहकाचा निष्काळजीपणा" हे एकच नाव देऊन सगळे मोकळे होतात ना, त्याला माझी हरकत आहे.

कारण विचार करा. परदेशात विमान उतरतं, तुम्ही फोन सुरू करता, आणि पट्ट्यावर बॅग यायच्या आत एसएमएस येतो, अमुक देशात आपलं स्वागत आहे. तुम्ही कुठे पोचलात हे तुमच्या कंपनीला लगेच कळतं, कारण तिथल्या नेटवर्कला तुम्हाला आत घेण्याआधी तुमच्या कंपनीकडे विचारावंच लागतं, हा नंबर तुमचाच ना, घेऊ का? बरं, डेटाचं तर त्याहून पुढचं आहे. रोमिंगमध्ये तुमचा डेटा साधारणपणे आधी मायदेशी तुमच्या कंपनीच्या यंत्रणेत जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. म्हणूनच परदेशात रोमिंगवर असताना वेबसाइटना तुम्ही घरीच बसलाय असं वाटतं. माझे फोटो त्या रात्री समुद्रातून उपग्रहावर गेले ते बहुधा याच वाटेने, कंपनीच्या दारातून. एकेक मेगाबाइट मोजून.

आणि तरी आम्हाला ते कधी कळलं? बिल आल्यावर.

"मॅडम, परदेशातल्या नेटवर्ककडून हिशेब उशिरा येतो," असं मला सांगितलं गेलं. (पुन्हा कर्मणी.) कंपन्यांमध्ये आपापसात हिशेबाच्या फायली जातात, त्याला वेळ लागतो, हे खोटं नाही. कॉलचे पैसे कधी कधी पुढच्या बिलात उगवतात ते त्यामुळेच. पण मग प्रीपेडवाल्याचं कसं? त्याचा बॅलन्स संपला की परदेशातही त्याचा डेटा तिथल्या तिथे थांबतो. तिथे हिशेब उशिरा येत नाही, कारण उशिरा आला तर नुकसान कंपनीचं. पोस्टपेडमध्ये उशीर झाला तर नुकसान माझं. यंत्र तेच, घाई कुणाला आहे एवढाच फरक.

युरोपीय संघाने हे फार आधी ओळखलं. २०१० पासून तिथे नियम आहे की ग्राहकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर रोमिंग डेटाचं बिल महिन्याला ५० युरोला (कर वगळून) थांबलं पाहिजे, आणि ८० टक्क्यांना सूचना गेली पाहिजे. पुढे वापरायचं तर ग्राहकाने तसं कळवायचं. जून २०१७ पासून तर संघातल्या देशांमध्ये फिरताना रोमिंगचा जादा आकारच गेला, घरच्यासारखाच दर, रास्त वापराच्या मर्यादेत. कंपन्यांनी एकमेकांकडून घ्यायच्या घाऊक दरालाही मर्यादा घातली. ती २०१७ मध्ये एका जीबीला ७.७० युरो होती, उतरत उतरत २०२७ मध्ये १ युरोवर यायची आहे. घाऊक दर एवढे उतरू शकतात, तर रोमिंग म्हणजे मुळातच महागडी गोष्ट हे म्हणणं निदान जमिनीवर तरी टिकत नाही.

आणि नियम गेला की काय होतं त्याचाही नमुना शेजारीच आहे. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, तिथल्या मोठ्या कंपन्या म्हणत होत्या, युरोपातल्या रोमिंगचा जादा आकार परत सुरू करायचा आमचा विचार नाही. २०२२ मध्ये चार मोठ्यांपैकी तिघांचा विचार बदलला.

समुद्राचं गणित वेगळं आहे, हे मला मान्य आहे. उपग्रहाची जोडणी खरोखरच खर्चिक, आणि "घरचाच दर" हा युरोपचा नियमसुद्धा जहाजावरच्या आणि विमानातल्या नेटवर्कला लागू होत नाही. मी स्वस्त द्या म्हणतच नाहीये. महाग आहे म्हणूनच तर थांबवा म्हणतेय! जिथे झोपेत एवढं बिल होऊ शकतं, तिथे आधी "सुरू करू का?" असं विचारायला नको? युरोपने २०२२ च्या नियमांत जहाज-विमानांसाठीही ती ५० युरोची वेस घातली. माझ्या कंपनीकडे मात्र फोन आपण होऊन जोडला जाणार, आणि नको असेल तर सेटिंगच्या पोटात शिरून बंद आपण करायचं.

(जाता जाता, व्हॉइसमेल, म्हणजे न उचललेल्या फोनवर निरोप ठेवायची सोय. परदेशात असताना आलेला फोन तुम्ही उचलला नाही आणि तो व्हॉइसमेलला गेला, तर काही वेळा तो कॉल आधी परदेशात तुमच्यापर्यंत आणि मग परत मायदेशातल्या व्हॉइसमेलपर्यंत जातो. दोन्ही फेऱ्यांचे पैसे तुमचे. न उचललेल्या फोनचे! निघण्याआधी व्हॉइसमेलकडे जाणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करा. सीमेजवळ राहत असाल तर नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवरून काढून हाताने करा, नाहीतर घरात बसल्या बसल्या फोन पलीकडच्या देशात जाऊन येतो.)

माझ्या बिलाचं काय झालं? तीन फोन, दोन ईमेल, एक वरिष्ठ. शेवटी अर्धी रक्कम "सदिच्छा म्हणून" माफ झाली. नियम म्हणून नाही, चूक म्हणून तर नाहीच. सदिच्छा! म्हणजे पुढच्या वेळी ती असेलच असं नाही, आणि ज्याला तीन फोन करायला वेळ नाही किंवा वरिष्ठांशी वाद घालायला जीभ रेटत नाही त्याच्या वाट्याला तर ती येतच नाही. नवरा म्हणाला, मिळालं ते घे आणि गप्प बस. मी घेतलं. गप्प बसायचं जमलं नाही, ते तुम्ही वाचताच आहात.

आता मी कंपनीकडे लेखी मागितलं आहे की माझ्या नंबरवर रोमिंगच्या बिलाला मी सांगेन त्या रकमेची मर्यादा घाला, ती गाठली की डेटा बंद करा, मी कुठेही असले तरी. अशी सोय पोस्टपेडला नाही, असं आधी उत्तर आलं. मग प्रीपेडला कशी आहे, असं मी विचारलंय. त्यावर सध्या शांतता आहे.

तुमच्यापैकी कुणाला पोस्टपेडवर अशी मर्यादा खरोखर घालून मिळाली असेल तर कुठल्या शब्दांत मागितली ते कमेंटमध्ये लिहा. जसाच्या तसा उतरवून पाठवते.