नऊ मिलीच्या भोकाला एच-७ कशाला?

"खर्च कमी करायचाय? मटेरियल आणि मजुरी पाडा, ड्रॉइंगला हात लावू नका. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) टाइट ठेवा, क्वालिटी आपोआप येते. डिझाइन आणि प्रॉडक्शन एकत्र बसवणं हे मोठ्या कंपन्यांचं काम." हा मेसेज कुपवाड-मिरजेच्या ग्रुपवर महिनाभर फिरतोय. मी सोडून दिला असता. पण परवा भाच्यानं तो खरा मानून काढलेलं ड्रॉइंग माझ्यापुढं ठेवलं, आणि आता गप्प बसवत नाही.

ड्रॉइंग द्राक्षबागेच्या ब्लोअरवर बसणाऱ्या ब्रॅकेटचं. एम-८ बोल्टसाठी नऊ मिलीची चार भोकं, आणि चारींना एच-७! म्हणजे भोक नऊ मिलीपेक्षा लहान नको, आणि मोठं फार तर १५ मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलीचा हजारावा भाग). अरे, बोल्ट आठचा, भोक नऊचं. बोल्ट सहज जावा म्हणून एक मिली आपणच ढिलं ठेवलंय. त्या ढिल्या भोकात मायक्रॉन कशाला मोजायचे? एच-७ लिहिलं की ड्रिलमागून भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर आला, ते तपासायचा प्लग गेज आला, आणि वीस मायक्रॉननं मोठं झालेलं भोक म्हणून धडधाकट जॉब रिजेक्शनमध्ये गेला. तिथंच आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाचा मध्यम वर्ग लिहिला तर याच मापाला ±०.२ मिली मिळतात. बेअरिंगच्या सीटला, म्हणजे ते बसायच्या जागेला, मायक्रॉन जरूर दे, तिथं मीही सूट देणार नाही. पण सगळ्या मापांना सरसकट टाइट टॉलरन्स लावायला सांगणं म्हणजे नवख्या पोरांचे पैसे बुडवणं आहे.

"मोठ्या कंपन्यांचं काम" हेही खोटं. बूथरॉयड आणि ड्यूहर्स्ट या प्राध्यापकांना जुळणी सोपी करणाऱ्या डिझाइनच्या कामासाठी १९९१ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. त्यांचे तीन प्रश्न कुणालाही विचारता येतात. हा भाग शेजारच्या भागापेक्षा वेगळा हलतो का? वेगळ्या धातूचाच हवा का? जुळणीसाठी किंवा खोलण्यासाठी सुटा लागतो का? तिन्हींचं उत्तर नाही आलं, तर तो भाग शेजारच्यात मिसळता येईल का ते बघायचं. भाच्याचं ब्रॅकेट पाच तुकडे वेल्ड करून होतं, आणि पाचांपैकी एकही हलत नाही, सगळे एमएसचेच, म्हणजे साध्या पोलादाचे. एकच पत्रा लेसरवर कापून वाकवला की काम झालं. भोकंही लेसरवरच होतात. वेल्डिंगला तुकडे धरून ठेवणारं फिक्स्चर, ग्राइंडिंग, उष्णतेनं येणारा वाक, सगळं गेलं.

मजुरी पाडून काय होणार? वेल्डर चार पैसे कमी घेईल, तुकडे पाचच राहतील.

"ड्रॉइंगला हात लावू नका" यात मात्र अर्धं खरं आहे, ते मानावं लागतं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग जॉबवर्कवाल्याला परस्पर बदलता येत नाही, लेखी मंजुरी लागते. फौंड्रीत पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) झाल्यावर तर छोटा बदलही महागात पडतो. म्हणूनच ज्यांच्या हातून माल होणार, त्यांना आधी विचारायचं. हे ड्रॉइंग तर तुझं स्वतःचं आहे, बाळा, आणि अजून कागदावरच आहे. उद्या सकाळी ते घेऊन शेडवर ये. बेंडिंगवाल्यालाही बोलावलंय. भोक बेंडच्या रेषेपासून किती लांब ठेवायचं, म्हणजे वाकवताना ते ओढलं जाणार नाही, हे तो त्याच्या डायवर दाखवेल.