कूपन शोधणारे ‘फुकट’ साधन: चार विधाने आणि त्यांचा प्रतिवाद

“ब्राउझरमध्ये हनीसारखे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) बसवा, ते इंटरनेटवरची सगळी कूपन तपासून सर्वांत मोठी सवलत लावते, त्याला एक पैसाही पडत नाही, यात कोणाचे नुकसान नाही आणि तुमची माहितीही सुरक्षित राहते,” असा सल्ला, विशेषतः अमेरिकेत नव्याने गेलेल्यांना, सर्रास दिला जातो. यातले एकही विधान पूर्ण खरे नाही.

आधी सर्वांत मोठ्या सवलतीविषयी. ही साधने आपल्या यादीतील कूपन पैसे भरण्याच्या पानावर एकामागून एक लावून पाहतात आणि कधी कधी खरोखरच पैसे वाचतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु हनीने आपल्या भागीदार दुकानांना, ग्राहकांना कोणती कूपन दिसावीत हे ठरवण्याची मुभा दिली होती. त्यामुळे दुकानाचे 20 टक्के सवलतीचे कूपन अन्यत्र उपलब्ध असले, तरी साधन 5 टक्क्यांचेच दाखवू शकते. ज्या ग्राहकाने एरवी दोन मिनिटे स्वतः शोध घेतला असता, तो उत्तम भाव मिळाल्याचे वाचून निर्धास्त होतो. माझ्या मते ग्राहकाची खरी फसगत येथेच होते.

फुकटपणाचे म्हणाल, तर 2012 मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेली हनी ही कंपनी सुमारे 4 अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचे ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या पेपालने 2019 मध्ये जाहीर केले. एवढी किंमत आली ती दुकानांकडून विक्रीमागे मिळणाऱ्या कमिशनमुळे.

आणि हे कमिशन अनेकदा दुसऱ्याच्या कष्टाचे असते. एखादा यूट्यूबर कॅमेरे आठवडाभर वापरून त्यांची पारख करतो व खाली दुवा देतो. प्रेक्षकाने तो दाबला की ही विक्री कोणामुळे झाली याची नोंद ठेवणारी कुकी ब्राउझरमध्ये बसते. बहुतेक दुकाने विक्रीचे श्रेय, आणि म्हणून कमिशन, शेवटच्या क्लिकला, म्हणजे ज्याचा दुवा सर्वांत शेवटी उघडला गेला त्याला, देतात. पैसे भरण्याच्या क्षणी साधनाची चौकट उघडते, ग्राहक तिच्यातले बटण दाबतो, आणि साधन पडद्याआड स्वतःचा दुवा उघडून पहिल्या कुकीच्या जागी आपली कुकी बसवते. कूपन सापडले नाही तरीही असे घडत असल्याचे ‘मेगालॅग’ या यूट्यूब वाहिनीने डिसेंबर 2024 मध्ये दाखवले आणि त्यानंतर अनेक यूट्यूबरांनी पेपालवर दावे दाखल केले. शेवटच्या क्लिकचा नियम या व्यवसायात रूढच आहे, असे पेपालचे म्हणणे. नियम रूढ आहे, हे खरे. पण ग्राहकाला वस्तूपर्यंत ज्याने आणले त्याला मोबदला मिळावा म्हणून तो आहे, खरेदी ठरल्यावर दाराशी उभ्या राहिलेल्यासाठी नव्हे. ग्राहकाला सवलत किंवा कॅशबॅक असा प्रत्यक्ष लाभ न देता असे दुवे घुसवण्यास गूगलनेही मार्च 2025 मध्ये क्रोमच्या एक्स्टेंशनांना मनाई केली.

राहिला माहितीचा प्रश्न. अशी साधने सामान्यतः सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात. म्हणजे कूपन केवळ दुकानात लागत असले, तरी बँकेचे पानही त्यांच्या आवाक्यात येते. ज्यांना साधन ठेवायचेच आहे, त्यांनी क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी क्लिक केल्यापुरतीच मर्यादित करावी.