गाडगेबाबांना तरी सोडा

भाच्याने दहावीनंतर शिकायचंच नाही असा हट्ट धरला आहे. कारण विचारलं तर त्याने मोबाइल पुढे केला. ‘आइन्स्टाईन गणितात नापास. एडिसनला शाळेतून काढलं. बिल गेट्सने कॉलेज सोडलं. कलाम पेपर विकायचे. गाडगेबाबा शाळेची पायरीही चढले नाहीत. डिग्री नाही, जिद्द लागते!’ वर मलाच सवाल, “मंग मलेच कायले शिकवता, मामा?”

आमच्या दर्यापूरकडच्या बहुतेक ग्रुपांवर हे फिरतंय, म्हणून लिहितो.

आइन्स्टाईनचं एका दमात उरकू. स्वित्झर्लंडमधल्या आराऊच्या शाळेचं त्याचं १८९६ चं प्रमाणपत्र उपलब्ध आहे. बीजगणित ६, भूमिती ६. तिथे ६ म्हणजे पैकीच्या पैकी. आदल्या वर्षी झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत तो अडला होता, हे खरं. पण तो अडला इतर विषयांत, गणितात नाही.

पण गाडगेबाबा? अमरावती जिल्ह्यात राहून हे नाव या यादीत घालायला हात कसा धजला? शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर शाळेत गेले नाहीत, कबूल. बाप दारूपायी गेला, आई पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली आणि डेबू मामाची गुरं राखू लागला. शाळा त्याच्या वाट्यालाच आली नाही. म्हणून तर पुढे बाबा कीर्तनात लोकांना अक्षरशः झापायचे: जेवणाचं ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला! गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा, तोंडपाठ सांगेल. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, आणि लगेच चौथ्या नंबरावर गरीब मुलामुलींचं शिक्षण. बेघरांना आसरा त्याच्याही खाली. ही दशसूत्री आपल्याकडे भिंतीभिंतींवर रंगवलेली आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ती कधी वाचली नसेल, तर तो स्वतः किती शिकला अशी शंका येते. आणि बाबांच्या नावाने अमरावतीत काय उभं आहे? विद्यापीठ. ज्या माणसाने हयातभर ‘पोरं शिकवा’ म्हणून घसा कोरडा केला, त्याचंच नाव पोरांना शाळेतून काढायला वापरायचं, याला काय म्हणावं बाप्पा!

एडिसनचं अर्धं मान्य. शाळा त्याला काही महिन्यांचीच मिळाली. मात्र घरी शिकवणारी आई पूर्वीची शिक्षिका होती, तिला मेसेजमध्ये जागा नाही. गेट्सने सोडलं ते हार्वर्ड, आणि त्याच्या शाळेत १९६८ सालीच कॉम्प्युटरवर काम करायची सोय होती. आमच्या गावच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीला आजही कुलूप असतं.

कलामांनी पेपर वाटले, खरं आहे. पण मेसेज तिथेच थांबतो. तो मुलगा पुढे मद्रासला विमानांचं इंजिनिअरिंग शिकला, आणि त्या प्रवेशाच्या पैशासाठी बहीण जोहराने अंगावरच्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली.

ज्या गृहस्थांनी आमच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला, त्यांचा मुलगा अकोल्याला नीटच्या क्लासला आहे. त्याला पाठवला का हो हा मेसेज?