फोटो काढलाय ना, मग टाका की कुठंतरी

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, सोलापुरात जेवढे भाविक असतात तेवढेच फोटोग्राफर असतात, त्यामुळं अक्षता सोहळ्याला सम्मती कट्ट्याजवळ कुणाच्या तरी डोक्यावरून हात लांब करून तुम्हीपण फोटो काढलाच असणार. पांढऱ्या बाराबंद्यांची एवढी गर्दी बघून कॅमेऱ्याचं मीटर गंडतं, पांढरं सगळं मळकट करडं येतं, मग रात्री जागून तुम्ही एक्सपोजर वाढवला, सावल्या उचलल्या, काय काय केलं. ते सगळं आता विसरा.

पहिली जागा फॅमिली ग्रुप. एचडीच्या भानगडीत पडू नका, डॉक्युमेंट म्हणून तर अजिबातच पाठवू नका, मामांच्या फोनमध्ये उघडत नाही आणि ते फोन करून सांगतात. साधाच टाका, चार जोडलेले हात येतात, एक 'हर्र बोला हर्र' येतं, आणि आत्या विचारते कॅमेरा कितीला पडला. दुसऱ्या दिवशी तुमचाच फोटो, कोपऱ्यात गुलाब आणि मधोमध शुभ सकाळ चिकटवून, सोसायटीच्या ग्रुपवर येतो. याला म्हणतात पोहोच.

मग इन्स्टाग्राम. 24 मेगापिक्सेलचा आडवा फोटो तिथं 1080 पिक्सेल रुंदीचा होऊन एक मेगापिक्सेलच्याही आत येतो, लेन्सचे हप्ते मात्र पूर्ण 24 मेगापिक्सेलचेच भरायचे. उभा टाकला तर अजून मजा, कॅमेऱ्याची उभी फ्रेम 2:3 ची आणि यांना चालते फार तर 3:4, म्हणजे वरून कापलं तर नंदीध्वजाचा (यात्रेतल्या त्या उंच काठीचा) शेंडा जातो आणि खालून कापलं तर तो पेलणाऱ्याचे पाय. पाय कापा. एवढा जड नंदीध्वज माणूस पेलतो कशावर, हा प्रश्न अंगठ्यानं वर सरकवणाऱ्याला पडत नाही. आणि फोटो हलत नसेल तर त्याला हळूहळू झूम करून खाली हलगी लावा, रील होतं.

फ्लिकर नावाच्या फोटोंच्या साइटवर मात्र जाऊ नका. 2013 ला 1 टेराबाईट फुकट देत होते, 2019 पासून फुकटात 1000 च फोटो (तुम्ही तेवढे एका गड्ड्यात काढता म्हणा). शिवाय तिथं कुणीतरी अनोळखी माणूस फोटो मोठा करून बघतो, शटर स्पीड विचारतो, डावीकडचा खांब खटकतोय म्हणतो. नातेवाईक एकही नाही. काय चाटायचंय?

आणि एक चूक तर मरेपर्यंत करू नका, ती म्हणजे 12 बाय 18 ची प्रिंट काढून ज्यांनी नंदीध्वज पेलला त्यांच्याच घरी नेऊन देणं. ते लोक फोटो मोबाईलसारखा सरकवत नाहीत, टेबलावर ठेवून बघत बसतात, मागं कोण उभंय, ह्यो कुणाचा पोरगा, अण्णांच्या पाठीमागं लपलंय ते कोण, असं घरातली सगळी वाकून वाकून ओळखत बसतात, तुम्हाला चहा होतो, शेंगाची चटणी बांधून मिळते, आणि एवढं होऊन लाइक किती आले ते बघायची काही सोयच नाही. वर निघताना विचारतात, पुढच्या महिन्यात पोराचं जावळ हाय, येतोस काय बे कॅमेरा घेऊन?